हॅलोविन आणि पानगळीची कागदी सजावट : कंदिलाचा हात इथेही चालतो

कात्रणवेडी

सप्टेंबर सरत आला की इकडे न्यू जर्सीत दुकानांच्या दर्शनी भागात नारिंगी-काळ्या प्लास्टिकचे ढीग लागतात. सांगाडे, कोळ्यांची जाळी, हवा भरायची भुतं. त्यातलं कितीतरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कचऱ्याच्या गाडीत जातं. मला ते बघवत नाही. आपल्यातल्या ज्यांनी लहानपणी कामट्या बांधून आणि खळ शिजवून आकाशकंदील केलाय, त्यांना यातलं काहीही विकत आणायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, पुष्कळ वेळ आहे, म्हणून हा धागा. ज्याला जे येतं ते त्याने इथे सविस्तर लिहावं.

आधी कागदाबद्दल, कारण निम्मं काम तिथेच होतं. भिंतीवरच्या किंवा टांगायच्या आकारांना प्रिंटरचा कागद चालत नाही. तो ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) असतो आणि दोन दिवसांत मान टाकतो. काळं कार्डशीट १७६ जीएसएमच्या आसपास घ्या (इकडे पाकिटावर ६५ पाउंड लिहिलेलं असतं). भारतात १८० ते २०० जीएसएम मागितलं तर कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. दुसरं म्हणजे ग्रेन बघा. कागद हातात धरून आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवायचा. ज्या बाजूने कमी अडतो, त्या दिशेने त्याचे तंतू असतात. घडी त्या दिशेने घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर कडेला फाटे फुटतात. काळ्या कागदावर तर आतला पांढरा गर लगेच दिसतो.

सुरुवात वटवाघळांपासून करू. लेटर आकाराच्या (साधारण ए-४ एवढ्या) एका कार्डशीटचे चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडा. घडीच्या बाजूला निम्मं डोकं, एक कान आणि निम्मं धड काढायचं, बाहेरच्या बाजूला एक पंख. पंखाच्या खालच्या कडेला तीन कमानी ठेवा. कापताना कात्री स्थिर धरून कागद फिरवायचा, आणि कमानींमधली टोकं आधी कापून घ्यायची, म्हणजे ती बोथट होत नाहीत. मग शाई संपलेलं बॉलपेन आणि पट्टी घेऊन खांद्यापासून कमानींच्या प्रत्येक टोकापर्यंत दाबून रेघ ओढायची. कागद कापला जात नाही, फक्त दबतो. त्या रेघांवर पंख जरासे मागेपुढे मोडले की त्यात हाडं असल्यासारखी दिसतात. भिंतीला फक्त धड चिकटवा, पंख मोकळे सोडा. बाजूला टेबललॅम्प असेल तर भिंतीवर सावल्यांचा दुसरा थवा तयार होतो. तीन आकार करा, लहान वरती आणि मोठी खाली, सगळ्यांची दिशा एकच. नीट ओळीत लावू नका.

व्हरमाँटकर

उत्तम धागा. वटवाघळं तुमच्याकडे, पानं माझ्याकडे.

कागदी पानं बहुतेक जण एकाच साच्याने कापतात आणि सगळ्यांना मेपल म्हणतात. खिडकीबाहेर जे झाड आहे त्याचं पान करा, मजा तिथेच आहे. शुगर मेपलच्या पानाच्या कडा गुळगुळीत असतात आणि दोन बोटांमधली खोबण गोलसर असते. रेड मेपलच्या कडेला दाते असतात आणि खोबण टोकदार. व्हाइट ओकची बोटं गोल, रेड ओकची अणकुचीदार. गिंको तर पंख्यासारखं असतं, लहान मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. कागद दुमडून अर्धं पान कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. पण खरं पान कधीच तंतोतंत सारखं नसतं, म्हणून उघडल्यावर एका बाजूला एक-दोन कात्र्या जास्त माराव्यात.

रंगासाठी कॉफीचे पांढरे फिल्टर घ्या, सपाट बुडाचे. पाण्याने ओले करून आधी सगळीकडे पिवळा जलरंग सोडायचा. पानात पिवळा रंग उन्हाळाभर असतोच, हरितद्रव्याखाली झाकलेला. थंडी पडायला लागली की हरितद्रव्य मोडतं आणि तो उघडा पडतो. लाल मात्र बहुतांशी शरदातच नवा तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवसा ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या जरा वर गारठा असेल त्या वर्षी लाल जास्त खुलतो. म्हणून आपणही तोच क्रम धरायचा : आधी पिवळा, मग ओला असतानाच कडेने लाल-नारिंगी थेंब, आणि शेवटी शिरांच्या जवळ अगदी थोडा हिरवा, कारण पुष्कळ पानांत शिरांच्या कडेचं हिरवं सगळ्यात शेवटी जातं. रंग आपोआप एकमेकांत उतरतात, ब्रशने घोटू नका. प्लास्टिकच्या कागदावर रात्रभर वाळवा. सकाळी पान कापून नखाने शिरा दाबा.

पार्ल्याची_पमा

किती छान लिहिताय सगळे! आमच्या सोसायटीत यंदा मुलांनी हॅलोविन करायचं ठरवलंय, वयं ५ ते १२. मुंबईत ऑक्टोबरमध्ये हवा इतकी दमट असते की कार्डशीट संध्याकाळपर्यंत वळतं. आणि पाच वर्षांच्या मुलांच्या हातात कात्री द्यायला मला धीर होत नाही. काय करू?

कात्रणवेडी

पमाताई, दमट हवेत एकेरी कार्डशीटऐवजी दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवा, दोघांचे ग्रेन एकाच दिशेने ठेवून. ओढ दोन्हीकडून सारखी बसते आणि आकार सपाट राहतो. पाणीदार डिंक मात्र वापरू नका, त्यानेच कागद फुगतो. ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकटपट्टी बरी. आणि आकार लहान ठेवा. हातभर मोठं भूत मुंबईत लोंबणारच.

पाच वर्षांच्या मुलांना फाडायला द्या. नारिंगी, पिवळे, तपकिरी कागद फाडून त्यांचे तुकडे भोपळ्याच्या रेखाटनात चिकटवायचे, आपल्या बालवाडीतल्या कोलाजसारखं. फाटलेल्या कडेला जो पांढरा तंतू दिसतो तो भोपळ्याच्या फाकांना फार शोभतो. सात-आठ वर्षांच्या मुलांना पट्ट्या कापू द्या : एक इंच रुंदीच्या सारख्या पट्ट्या, मधोमध एकमेकींवर फुलीसारख्या ठेवायच्या, मध्यावर पिन खुपसायची आणि सगळी टोकं वर गोळा करून दुसऱ्या पिनेने बांधायची. झाला गोल भोपळा. वरती हिरवा देठ आणि पेन्सिलीला गुंडाळून सोडलेली एक हिरवी वेलीची पट्टी. पिना मात्र मोठ्यांनी लावाव्यात. दहाच्या वरच्यांना वटवाघळं.

जुनाबाजार

थोडा इतिहास सांगतो, कारण हॅलोविनच्या सजावटीत कागद हा जुना आणि मानाचा आहे, प्लास्टिक नंतर आलं. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून दिवे करायचे. तिकडून लोक अमेरिकेत आले, त्यांना इथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरोघरी हॅलोविनच्या पार्ट्या व्हायला लागल्या, आणि त्या सजायच्या कागदाने. मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन कंपनी क्रेप पेपर बनवायची. तिने १९०९ पासून हॅलोविनच्या सजावटीच्या पुस्तिका काढल्या. टेबल कसं सजवायचं, क्रेपचे झालर लावलेले पोशाख कसे शिवायचे, सगळं त्यात असायचं. आणि पेनसिल्व्हेनियातली बीसल कंपनी, १९०० साली सुरू झालेली, मधमाशीच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या टिश्यूच्या वस्तूंसाठी नावाजलेली. सांधे हलणारे पुठ्ठ्याचे सांगाडे आणि पाठ वाकवलेली काळी मांजरंही त्यांची. त्या काळातला कागदी माल आज संग्राहक जपून ठेवतात, कारण तो एका रात्रीपुरता बनवलेला असल्यामुळे फार थोडा उरला.

सांधे हलणारा सांगाडा घरी करता येतो. जाड पुठ्ठ्यावर पांढरा कागद, हाडांचे तुकडे वेगवेगळे कापायचे आणि खांदा, कोपर, कंबर, गुडघा इथे पितळी पिना लावायच्या. भोक पिनेपेक्षा किंचित मोठं ठेवा, नाहीतर हात हलत नाही. पिनेच्या पाकळ्या मागे उघडताना पुठ्ठ्यावर घट्ट दाबू नका.

शेंगदाण्याची_चटणी

प्रश्न रागाने विचारत नाही, पण आपल्याकडे दिवाळी तोंडावर असताना हा परका सण कशासाठी? मुलं कंदील करायला बसतील ती वटवाघळं करत बसणार.

वसईचा_मोठा_बंगली

आमच्या वसईत २ नोव्हेंबरला ख्रिस्ती घरांतले सगळे दफनभूमीत जातात. कबरी आधी स्वच्छ करतात, त्या दिवशी फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. गोव्यातही तसंच. १ तारखेला सर्व संतांचा दिवस, २ तारखेला सर्व मृतांचा, आणि ३१ ऑक्टोबर ही संतांच्या दिवसाच्या आदली संध्याकाळ. आपल्या घरात भुतांचे मुखवटे नसतील, पण त्या दिवसांचं मूळ मराठी बोलणाऱ्या कितीतरी कुटुंबांना अजिबात परकं नाही. पितृपक्ष पाळणाऱ्यांना तर ते लगेच कळायला हवं.

कात्रणवेडी

वसईकरांचे आभार, हे इथे यायलाच हवं होतं.

चटणीताई, तुमची काळजी मला समजते. इकडे वाढणाऱ्या मुलांना ३१ ऑक्टोबर टाळता येत नाही. शाळेत, शेजारी, रस्त्यावर सगळीकडे तोच असतो. पण हात एकच आहेत. २०२४ साली महाराष्ट्रात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. जे मूल भोपळ्याच्या पट्ट्या सारख्या कापायला शिकतं, ते कंदिलाच्या शेपट्याही सारख्या कापतं. मला तरी यात एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली दिसत नाही. आमच्याकडे खिडकीत दोन्ही असतात. पुढे लिहिते ती खिडकीची चौकट तर सरळ कंदिलावरूनच घेतलेली आहे.

काळ्या कार्डशीटवर घर, वाळलेलं झाड, मांजर, चंद्र असं चित्र काढून चंद्र आणि घराच्या खिडक्या कापून काढायच्या. प्रत्येक आकार कुठेतरी चौकटीला जोडलेला राहील असं बघा, नाहीतर मांजर सुटून हातात येतं. मागून नारिंगी किंवा पिवळा जिलेटीन कागद लावायचा. चंद्रामागे जिलेटीनऐवजी पतंगाचा पांढरा कागद लावला तर उजेड मऊ पसरतो. काचेला आतून चिकटवा. खोलीत दिवा लागला की रस्त्यावरून सगळं उठून दिसतं.

आणि एक कळकळीची विनंती. कागदाच्या कुठल्याही कंदिलात, भोपळ्यात, पिशवीत खरी मेणबत्ती ठेवू नका. बॅटरीवरची एलईडी पणती स्वस्त मिळते. क्रेप आणि टिश्यू क्षणात पेट घेतात, आणि त्या संध्याकाळी दारात लांब झग्यांची लहान मुलं येत असतात.

सॅन_अँटोनियोची_सई

आमच्याकडे टेक्सासमध्ये हॅलोविनच्या पाठोपाठ मेक्सिकन लोकांचा मृतांचा सण येतो, १ आणि २ नोव्हेंबर. तो हॅलोविन नाही, त्याची भीतीशी काही सांगड नाही. गेलेली माणसं घरी भेटायला येतात, म्हणून घरात वेदी मांडतात आणि त्यावर त्यांच्या आवडीचं जेवण, फोटो आणि झेंडूची फुलं ठेवतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला ज्या फुलांची आपण तोरणं करतो, त्याच फुलांच्या पाकळ्यांची वाट ते दारापासून वेदीपर्यंत घालतात. मला पहिल्यांदा ते बघून भरून आलं होतं.

त्यांची कागदी कला म्हणजे पापेल पिकादो, टिश्यूच्या नक्षीदार पताका. प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर वीशकोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर टिश्यूचे कित्येक ताव एकावर एक रचून छिन्नी-हातोडीने एका वेळी कापतात. घरी ते कात्रीने होतं : टिश्यू उभा दुमडा, परत दुमडा, घडीच्या कडेने अर्धगोल, त्रिकोण, डोळ्यासारखे आकार काढा. वरची दोन बोटं जागा मात्र कोरी सोडा, तीच दोऱ्यावर दुमडून चिकटवायची आहे. वाऱ्यावर हलतात तेव्हा त्यांचा बारीक आवाज येतो, म्हणून फार जाड कागद नको.

क्रेपचा झेंडूही सांगते. क्रेपच्या सुरकुत्या कुठल्या दिशेने आहेत ते आधी बघायचं, आणि पट्टी अशी कापायची की सुरकुत्या पट्टीच्या रुंदीत उभ्या येतील. दोन इंच रुंद, हातभर लांब. एका कडेला अर्ध्या इंचापर्यंत बारीक झालर कापून घ्या, कात्रीने टोकं थोडी वाकडी करा, मग तारेभोवती घट्ट गुंडाळत जा आणि खालच्या बाजूला दर वेढ्याला गोंदाचा ठिपका द्या. शेवटी बोटांनी झालर बाहेर ओढली की फूल भरतं. दोन छटांच्या पट्ट्या एकत्र गुंडाळल्या, आत गडद आणि बाहेर फिकी, तर खऱ्या झेंडूशेजारी ठेवलं तरी चालेल असं दिसतं.

खळवाले_काका

सातारहून लिहितोय. आयुष्य पुस्तकबांधणीत गेलं, म्हणून खळीबद्दल चार शब्द. बाजारच्या गोंदापेक्षा कागदाला मैद्याची खळ चांगली. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन पारदर्शक चमक आली की उतरवा. कापडातून गाळून घ्या. आम्ही बांधणीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत असू. मुलं हात घालणार असतील तर मोरचूद बिलकूल नको, ते विषारी आहे. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब पुरतात, आणि उरलेली खळ फ्रीजमध्ये चार दिवस टिकते.

त्याच खळीने वर्तमानपत्राचा भोपळा होतो. फुगा फुगवा, त्याला वरपासून खालपर्यंत दोरे गुंडाळून आठ फाका पाडा. दोरे जरा आवळून बांधा, म्हणजे भोपळ्याच्या खाचा आपोआप उमटतात. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून, जास्तीची खळ दोन बोटांत निपटून लावायच्या. पट्ट्या फाडलेल्याच हव्यात, कापलेल्या नकोत. फाडलेली कड एकमेकींत मिसळून जाते. एक थर उभा, दुसरा आडवा, म्हणजे कुठे राहिलं ते कळतं. तीन थर झाले की थांबा, पूर्ण वाळू द्या, मग पुढचे दोन. ओल्यावर ओलं चढवत गेलं तर आत बुरशी येते. फुगा फोडून काढा, भोकावर पट्टी लावा, वरून पांढरा हात देऊन मग नारिंगी रंग. शेवटच्या थराला पुण्याच्या हातकागदासारखा चिंध्यांच्या लगद्याचा कागद मिळाला तर रंग न देताही सुंदर दिसतो.

पार्ल्याची_पमा

काका, नमस्कार. खळ आजच शिजवते. जुनाबाजारांनी सांगितलेला तो पोळ्यासारखा उलगडणारा भोपळा घरी होतो का हो कुणाला?

कात्रणवेडी

होतो, आणि या सगळ्यात मला तोच सर्वांत जास्त आवडतो, म्हणून नीट लिहिते.

नारिंगी टिश्यू किंवा पतंगाचा कागद घ्या. तीस ते चाळीस चौकोन, सगळे सारखे, १६ सेंटीमीटर उंच आणि ९ सेंटीमीटर रुंद. एक जाड कागद तेवढाच उंच पण जरा जास्त रुंद कापून त्यावर आडव्या रेघा मारा, दर सेंटीमीटरला एक. एकाआड एक रेघ लाल, मधल्या निळ्या. हा तुमचा नकाशा, पातळ कागदाखालून तो दिसत राहतो. पहिला चौकोन नकाशावर ठेवून सगळ्या लाल रेघांवर ग्लू स्टिकची बारीक रेघ ओढा. दुसरा चौकोन अगदी कडेला कड लावून त्यावर ठेवा आणि हाताने दाबा. आता निळ्या रेघांवर गोंद. तिसरा चौकोन, परत लाल. असं शेवटपर्यंत. थर वाढले की रेघा दिसेनाशा होतात, म्हणून नकाशाच्या दोन्ही कडा बाहेर डोकावतील एवढा तो रुंद ठेवा आणि पट्टी लावून गोंद ओढा. गोंदाची रेघ जाड झाली तर कप्पे बुजतात, ही एकच गोष्ट सांभाळायची.

चळत तासभर जड पुस्तकाखाली ठेवा. मग तिच्यावर अर्धा भोपळा काढा : सरळ बाजू उंचीच्या कडेला, गोल बाजू बाहेर, आणि वर-खाली सरळ बाजूजवळ किंचित खोलगट. गोंदाच्या रेघा सरळ बाजूला काटकोनात यायला हव्यात. एवढी जाड चळत एका दमात कापत नाही. धारदार कात्रीने पाच-सहा थर कापायचे, तीच कड धरून पुढचे. सरळ बाजूला सुईदोऱ्याने दोन टाके घाला, दोरा आवळून गाठ मारा. पहिल्या आणि शेवटच्या पानाला त्याच आकाराचा पुठ्ठा लावा. आता दोन्ही पुठ्ठे धरून पुस्तकासारखं उघडत उघडत पाठीला पाठ येईपर्यंत फिरवा. आत एकेक कप्पा सुटताना चुरचुर आवाज येतो. कुठे चिकटून राहिलं असेल तर टूथपिकने हलकेच सोडवा. पुठ्ठ्यांना क्लिप लावून ठेवा, चिकटवू नका, म्हणजे सण झाल्यावर तो परत मिटून सपाट होतो.

व्हरमाँटकर

हे वाचून लगेच कागद आणायला निघालोय. ठेवणीबद्दल एक विचारायचं होतं : फिल्टरची पानं पुढच्या वर्षीपर्यंत फिकी पडतात, काही उपाय?

खळवाले_काका

उन्हाच्या खिडकीत महिनाभर लावली तर जलरंग उडणारच, त्यावर काही चालत नाही. सण झाला की लगेच उतरवा. एक थर पान, एक थर कोरा कागद असं रचून पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यात ठेवा. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, त्याची शाई उतरते आणि कागद लवकर पिवळा पडतो. खोकं जमिनीवर न ठेवता कपाटाच्या वरच्या फळीवर. सुक्या कडुलिंबाचा पाला कापडात बांधून एका कोपऱ्यात ठेवलात तर कसर लागत नाही.

शेंगदाण्याची_चटणी

त्या पोळ्याच्या पद्धतीने पिवळ्या-लाल पतंगाच्या कागदाचा गोल कंदील होईल का? आकार मोठा, अंदाजे फूटभर?

कात्रणवेडी

नक्की होईल, चटणीताई. अर्धगोल सरळ बाजूला ३० सेंटीमीटर घ्या, रेघांमधलं अंतर दोन सेंटीमीटर करा आणि थर साठपर्यंत वाढवा, नाहीतर मधे फटी दिसतात. वर टांगायला दोन्ही पुठ्ठ्यांमधून एकच जाड दोरा ओवा. शेपट्या खालच्या टोकाला पुठ्ठ्यालाच लावायच्या, पातळ कागदाला त्यांचं वजन पेलत नाही. दिवा आत बसवता येणार नाही, मागच्या बाजूला सोडा. झाला की फोटो इथेच टाका.